बोलून काय होणार?

या महिन्यात समुपदेशनाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे आणि लांबलेली पत्रे आटोपशीर केली आहेत. अडचणी निरनिराळ्या असल्या, तरी जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘नुसते बोलून’ हे दोन शब्द कोठे ना कोठे आले आहेत. त्यांतल्या ‘नुसते’ या शब्दाशी माझे भांडण आहे, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न : नोकरी सोडावी की सोडू नये, या प्रश्नाने मला वर्षभर झोप नाही. एका समुपदेशिकेकडे तीन वेळा जाऊन आले. दर वेळी पाऊण तास मीच बोलते, त्या ऐकतात आणि शेवटी मलाच विचारतात, की तुम्हाला काय वाटते. मला काय वाटते हे कळत असते, तर मी गेलेच कशाला असते? सल्ला मिळणारच नसेल, तर फी कशाची द्यायची?

उत्तर : तुमचा वैताग मला समजतो, आणि त्याचा थोडा दोष आपल्या भाषेकडेही जातो. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ बसलेला आहे. त्यामुळे तेथे कोणी जाणती व्यक्ती हिताच्या चार गोष्टी सांगेल आणि आपण त्या ऐकून घरी येऊ, अशी अपेक्षा होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हे काम बरेचसे उलट दिशेने चालते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये अशी मांडणी केली, की मदतीसाठी आलेल्या माणसाला वाट दाखवण्यापेक्षा त्याची वाट त्याला सापडेल असे वातावरण देणे अधिक उपयोगाचे ठरते. अशा माणसाला ‘रुग्ण’ म्हणणेही त्यांनी सोडून दिले. ऐकणाऱ्याने समोरच्याच्या जागी उभे राहून समजून घ्यावे, अटी न घालता त्याचा स्वीकार करावा आणि स्वतः मुखवटा घालून बसू नये, या त्यांच्या तीन अपेक्षा आजही जवळजवळ प्रत्येक समुपदेशकाच्या शिक्षणात पहिल्या धड्यासारख्या शिकवल्या जातात.

आता तुमच्याच पत्राकडे पाहू. नोकरी सोड, असे सांगणारी दोन माणसे आणि सोडू नकोस, असे सांगणारी तीन माणसे तुमच्या आसपास आहेत, हे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे सल्ल्याची टंचाई नाही. सहावा सल्ला मिळाला असता, तर तो त्या पाचांच्या रांगेत जाऊन उभा राहिला असता. तुमच्या पत्राच्या चौथ्या ओळीत ‘नोकरी सोडली तर घरच्यांच्या नजरेला नजर कशी देऊ’ असे एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे, आणि त्यानंतर तुम्ही पगाराकडे वळला आहात. समुपदेशिका बहुधा त्याच वाक्यापाशी थांबल्या असतील. निर्णय अडतो तो पुष्कळदा माहितीच्या अभावी नव्हे, तर त्या निर्णयाआड उभ्या असलेल्या एखाद्या भीतीमुळे किंवा शरमेमुळे अडतो. त्या भावनेला नाव मिळेपर्यंत सल्ला कितीही शहाणपणाचा असला, तरी तो आत शिरत नाही.

तरीही तुमच्या तक्रारीत तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. पाऊण तास नुसती मान हलवत बसणे म्हणजे समुपदेशन नव्हे. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये समुपदेशक आणि मदत घेणारा यांच्यातील कामाच्या नात्याचे तीन घटक सांगितले : आपण कोठे पोहोचणार आहोत यावर दोघांचे एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि परस्परांविषयीचा विश्वास. उपचारपद्धती कोणतीही असली, तरी हे नाते चांगले जमले की गुणही चांगला येतो, असे नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टींची बोलणी झालेलीच दिसत नाहीत. म्हणून चौथ्या वेळी गेलात की सुरुवातीलाच सांगा : मी काय मिळवायला येते आहे ते मला स्पष्ट नाही, तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता तेही मला ठाऊक नाही आणि मागच्या तीन भेटींनंतर मी चिडून घरी गेले. असे बोलणे उद्धटपणाचे वाटेल, पण चांगल्या समुपदेशकाला याच्याइतके उपयोगी दुसरे काही मिळत नाही. ऐकून त्या रागावल्या किंवा विषय टाळू लागल्या, तर दुसऱ्या समुपदेशकाकडे जाण्यास तुम्ही मोकळ्या आहात, आणि त्यात कोणाचाही अपमान नाही. तुम्हाला केवळ कोणत्या क्षेत्रात कोणती संधी आहे एवढीच माहिती हवी असेल, तर व्यवसाय मार्गदर्शन ही वेगळी शाखा आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये सुरू केलेल्या कामातून ती वाढली, आणि तेथे माहितीही मिळते व सल्लाही.

प्रश्न : माझे वय चौतीस. गेल्या आठ महिन्यांत मला सात-आठ वेळा असे झाले, की अचानक छाती धडधडू लागते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात आणि आता आपण मरणार अशी खात्री वाटते. हृदय, रक्त, थायरॉइड सर्व तपासून झाले. सर्व नॉर्मल आहे. डॉक्टरांनी ‘पॅनिक अटॅक’ म्हणून समुपदेशन सुचवले आहे. आता मी लिफ्टने जात नाही, बैठकीत दाराजवळ बसतो, खिशात गोळी ठेवतो. पण जे शरीरात होते ते नुसते बोलून कसे थांबणार?

उत्तर : तपासण्या आधी करून घेतल्यात, हे योग्यच केलेत, अशीच लक्षणे काही शारीरिक आजारांतही दिसतात, आणि पुढे कधी नेहमीपेक्षा वेगळ्या प्रकारचा त्रास झाला तर तो पुन्हा तपासावा. मात्र ‘सर्व नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘काही झालेलेच नाही’ असा कोणी लावत असेल, तर तो मान्य करू नका. तुम्हाला जे होते ते खरे आहे आणि शरीरातच होते. प्रश्न एवढाच आहे, की ते सुरू झाल्यावर त्याला खतपाणी कोठून मिळते.

धोक्याची चाहूल लागली की शरीरात ॲड्रेनालिन सुटते, हृदय वेगाने चालू लागते, श्वास जलद होतो आणि स्नायू ताणले जातात. पळायचे किंवा लढायचे असेल, तर हा सारा सरंजाम उपयोगी पडतो. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाबतीत तो वाया जातो. एवढेच नव्हे, तर गरजेपेक्षा अधिक श्वास घेतला गेल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, आणि त्यातून बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते व श्वास भरपूर चालू असतानाही तो पुरत नाही असे वाटते. येथवर शरीराचे काम झाले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले, की खरी गाठ यापुढे बसते : या निरुपद्रवी संवेदनांचा अर्थ आपण ‘हृदय बंद पडते आहे’ असा लावतो, त्या अर्थाने घाबरतो, घाबरल्याने ॲड्रेनालिन आणखी सुटते, धडधड वाढते आणि वाढलेली धडधड आपल्या चुकीच्या अर्थाला पुरावा म्हणून उभी राहते. काही मिनिटांत हे शिखराला पोहोचते आणि काहीही न करता ओसरू लागते. पण ओसरण्यापूर्वीच तुम्ही लिफ्टबाहेर पडलेले असता किंवा खिशातील गोळी चाचपलेली असता, त्यामुळे ‘बाहेर पडलो म्हणून वाचलो’ असाच हिशेब मनात नोंदला जातो. ती गोळी, ती दाराजवळची खुर्ची तुम्हाला सांभाळते आहे असे वाटते. वास्तविक ती तुमच्या भीतीला सांभाळते आहे.

यासाठी जे समुपदेशन केले जाते, त्यात बोलणे असते, पण बोलण्यावर ते थांबत नाही. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात उभ्या केलेल्या विचारपद्धतीवर ते आधारलेले आहे. विचार, भावना, शरीर आणि वागणे यांची साखळी तुमच्याच एखाद्या झटक्यावर कागदावर मांडली जाते. झटका कधी आला, आधी काय चालले होते, त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले, याची नोंद ठेवायला सांगितली जाते. मग प्रयोग होतात, आणि हा भाग ऐकून लोक दचकतात. समुपदेशक तुम्हाला त्यांच्यासमोर मिनिटभर मुद्दाम जलद श्वास घ्यायला किंवा जागच्या जागी पळायला सांगतील, म्हणजे त्याच मुंग्या आणि तीच धडधड तुमच्या इच्छेने येईल. ज्या संवेदनेला मृत्यूची खूण समजत होतो ती आपण मिनिटभरात हुकमी आणू शकतो आणि ती आपोआप जातेही, हे दहा वेळा ऐकून पटत नाही ते एकदा अनुभवले की पटते. (हृदयविकार, दमा, फिट येणे असे काही असेल, तर मात्र हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.) त्यानंतर लिफ्टची पाळी येते : आधी एक मजला सोबतीने, मग एकट्याने, मग गोळी घरी ठेवून. भीतीच्या वस्तूजवळ पायरीपायरीने जाण्याची ही युक्ती जुनी आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाच्या जवळ तो ससा दररोज थोडा थोडा आणून त्याची भीती घालवली होती.

साधारणतः दहा-पंधरा भेटींत या त्रासात पुष्कळ फरक पडलेला दिसतो. झटका पुन्हा कधीच येणार नाही, असे वचन कोणी देत असेल, तर सावध राहा. तो आला तरी त्याला भिण्याचे कारण उरत नाही, आणि न भिणाऱ्या माणसाकडे तो फार काळ टिकत नाही, एवढे मी जबाबदारीने म्हणू शकते.

प्रश्न : समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट खरोखर गुप्त राहते का?

उत्तर : हो, काही अपवाद वगळून. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला गंभीर धोका दिसला, एखाद्या बालकावर अत्याचार होत असल्याचे कळले किंवा न्यायालयाने आदेश दिला, तर समुपदेशकाला संबंधितांना कळवावे लागू शकते. बरेच समुपदेशक आपल्या कामाविषयी वरिष्ठ सहकाऱ्याचे मार्गदर्शनही घेतात, मात्र तेथे नाव उघड केले जात नाही. या अटी पहिल्याच भेटीत आपणहून सांगणे हे समुपदेशकाचे काम आहे; त्यांनी सांगितल्या नाहीत, तर तुम्ही विचारा. पतिपत्नी एकत्र येत असतील, तर एकाने एकट्याने सांगितलेले दुसऱ्याला कळणार का, हेही आधीच ठरवून घ्यावे, कारण पुढे सर्वाधिक मनस्ताप होतो तो याच मुद्द्यावर.

प्रश्न : माझे पती जाऊन चौदा महिने झाले. सर्वजण म्हणतात, कामात मन गुंतव. एका मैत्रिणीने सांगितले, की दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि मी ‘रागा’च्या पायरीवर अडकले आहे. ते गेले त्या सकाळी आमचे भांडण झाले होते, हे मी कोणालाही सांगितलेले नाही. त्यांचे कपाट मी अजून उघडलेले नाही. मुलगी समुपदेशनाला जा म्हणते. गेलेला माणूस परत येणार नसेल, तर बोलून काय होणार?

उत्तर : ते परत येणार नाहीत, आणि तसे सूचित करणारा कोणताही शब्द मी येथे लिहिणार नाही.

पाच पायऱ्यांचे आधी पाहू, कारण त्यांनी तुम्हाला उगाच अपराधी केले आहे. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये नकार, राग, तडजोड, नैराश्य आणि स्वीकार असे टप्पे मांडले, ते असाध्य आजाराने मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या शोकाला ते नंतर चिकटवले गेले. शोक असा शाळेतल्या इयत्तांसारखा पुढे सरकत नाही, आणि म्हणून त्यात नापास होण्याचाही प्रश्न येत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये दिलेले वर्णन मला अनुभवाच्या अधिक जवळचे वाटते. माणूस कधी दुःखाकडे तोंड करतो, आठवणी काढतो, रडतो. तर कधी त्याच्याकडे पाठ करून बिले भरतो, नव्या जबाबदाऱ्या शिकतो, एखाद्या विनोदावर हसतोही. हे हेलकावे म्हणजे बरे होण्याचीच रीत आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा हेलकावा थांबतो आणि माणूस एकाच बाजूला रुतून बसतो. कामात मन गुंतव असे सांगणारे तुम्हाला कायमचे एका बाजूला ढकलू पाहत आहेत, आणि कपाट तुम्हाला दुसऱ्या बाजूला खिळवून ठेवत आहे.

शोक झालेल्या प्रत्येकाला समुपदेशन लागत नाही. बहुतेक माणसे आप्तांच्या सोबतीने आणि काळाच्या ओघात सावरतात, आणि ज्यांना गरज नाही त्यांना आग्रहाने बसवून बोलते केल्याने विशेष लाभ होत नाही. हे लिहिताना माझ्याच व्यवसायाचे नुकसान होत असेल, तर होवो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आता दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि आपल्या समाजाच्या रीतीने जितका शोक अपेक्षित असतो त्यापलीकडे, तो तितकाच तीव्र राहून रोजचे जगणे अडवत असेल, तर मदत घ्यावी, असा त्याचा आशय आहे. अमेरिकी वर्गीकरणात ही मुदत मोठ्यांसाठी बारा महिन्यांची आहे. तुमचे निदान मी पत्रावरून करणार नाही. तरीही चौदा महिने न उघडलेले कपाट आणि कोणालाही न सांगितलेली ती सकाळ, या दोन गोष्टींसाठी तुम्ही एकदा जावे, असे मला मनापासून वाटते.

तेथे काय होईल ते सांगते. त्या दिवसाची हकिकत तुम्हाला सांगायला लावतील, कदाचित एकाहून अधिक वेळा, आणि प्रत्येक वेळी ती थोडी अधिक पूर्ण होईल. आज तुमच्या मनात त्या दिवसाचे एकच चित्र गोठले आहे, भांडणाचे. सांगत गेलात की त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचेही आठवेल : भांडण कशावरून झाले, असली भांडणे किती वेळा होऊन संध्याकाळपर्यंत मिटली होती, आणि त्या दिवशी संध्याकाळच आली नाही. ‘मी त्यांना मारले’ आणि ‘आम्हाला समेट करायला वेळ मिळाला नाही’ ही दोन वाक्ये एकाच घटनेवरून निघतात, पण त्यांच्यासोबत जगणे सारखे नाही. काही समुपदेशक समोर रिकामी खुर्ची ठेवून तिच्याशी बोलायला सांगतात, काही पत्र लिहायला लावतात. नाटकी वाटेल. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यावर कोणी सक्ती करत नाही. आणि राग? तो त्यांच्यावरही असेल, असे सोडून गेले म्हणून. मुलीसमोर तो बोलता येत नाही, कारण तिचेही वडील गेले आहेत. ज्याला तुमच्या शब्दांनी जखम होणार नाही अशा माणसासमोर तो बोलता येतो, आणि परक्या माणसाचा उपयोग येथेच आहे. कपाट कधी उघडायचे ते तुम्हीच ठरवाल. ते उघडलेच पाहिजे असेही नाही.

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून खोलीबाहेर येत नाही, जेवण निम्म्यावर आले आहे, आवडीचे गाणेही सुटले. परवा म्हणाली, ‘मी नसले तर तुमचा ताप वाचेल.’ समुपदेशकाकडे चल म्हटले की ‘मी वेडी आहे का’ म्हणून दार लावून घेते. नुसते बोलायलाही तयार नसलेल्या मुलीला मदत कशी मिळवून द्यावी?

उत्तर : हे पत्र हाती आले त्याच दिवशी उत्तर पाठवले आहे, इतर पालकांच्या उपयोगासाठी ते येथे देत आहे.

ती परवा जे बोलली ते आधी घ्या. त्याला रागाच्या भरातले बोलणे समजू नका. आज, शांतपणे आणि एकांतात, तिला सरळ विचारा : जीव देण्याचे विचार मनात येतात का? विचारल्याने ते विचार मनात पेरले जातात, ही समजूत चुकीची आहे. पुष्कळदा कोणी विचारले याचाच सुटकेसारखा आधार वाटतो. ती हो म्हणाली, तर समुपदेशनाची भेट ठरण्याची वाट पाहू नका. तिला एकटी ठेवू नका, घरातील औषधे, कीटकनाशके आणि धारदार वस्तू तिच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला त्याच दिवशी गाठा. ती नाही म्हणाली, तरी येत्या काही दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मन उदास असणे किंवा आवड नाहीशी होणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले आणि त्यासोबत झोप, भूक, उत्साह ढासळले, तर नैराश्याच्या आजाराचा विचार करावा लागतो, आणि तुम्ही दोन महिने म्हणता आहात.

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. समुपदेशक औषधे देत नाहीत. मध्यम आणि तीव्र नैराश्यात बहुधा दोघांचीही गरज पडते. औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत फरक नाही असे म्हणून ती बंद करू नयेत. समुपदेशक तेवढ्या काळात बहुतेक करून तिला फार बोलतेही करणार नाहीत. दिवसात एक लहान गोष्ट ठरवून करणे, उदाहरणार्थ उठल्यावर खिडकी उघडून दहा मिनिटे बसणे, इतकेच आधी मागतील. उत्साह आला की काहीतरी करू, असे नैराश्यात आपण म्हणतो. तेथे क्रम उलटा ठेवावा लागतो, आधी कृती आणि मागाहून उत्साह.

‘मी वेडी आहे का’ या प्रश्नाला ‘नाही, पण’ असे उत्तर देऊ नका, कारण ‘पण’च्या पुढचे तिला ऐकू येणार नाही. ‘तुला उपचारांची गरज आहे’ याऐवजी ‘तू दोन महिने एकटीने हे सोसते आहेस, ते मला पाहवत नाही’ असे म्हणा; ते खरेही आहे. एकच भेट मागा, कोणाकडे जायचे ते तिला निवडू द्या, समोर बसायला नको असेल तर फोनवरून किंवा व्हिडिओवरून चालेल असे सांगा आणि खोलीत काय बोललीस हे विचारणार नाही, असा शब्द देऊन तो पाळा. तरीही नकोच म्हणाली, तर तुम्ही स्वतः समुपदेशकाकडे जा. तिच्याशी कसे बोलावे हे तेथे शिकता येईल, आणि तुमच्या पत्रातील अक्षरावरून तुम्हीही दोन महिने नीट झोपलेले दिसत नाही. जाऊन आलात की तिला सांगा, की मी जाऊन आलो, थोडा अवघडलो आणि पहिली दहा मिनिटे काय बोलावे ते मलाही सुचले नाही.